शुगर काठावर आली म्हणून गावाकडचं खाणं परत धरलं : वर्षाचा हिशोब आणि काही प्रश्न

मांजराकाठ
२४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

राम राम मंडळी. कैक वर्षं इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढायलोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लातुरात असतो, वय ४७, नोकरी टेबलावरची. गाव औसा तालुक्यात, तिथं धाकटा भाऊ शेती बघतो. मागच्या दिवाळीनंतर ऑफिसात तपासणी शिबिर झालं, त्यात माझं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.२ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यात, असं डॉक्टरांनी समजावलं. गोळी लगेच दिली नाही. सहा-सात किलो उतरवा, चाला आणि सहा महिन्यांनी परत या, एवढंच म्हणाले. आमच्या तात्यांना साठी उलटल्यावर शुगर लागली होती. ते दिवसभर रानात असायचे, मी दिवसभर खुर्चीत. त्यामुळं नवल वाटायचं कारण नव्हतं, तरी कागदावरचा आकडा बघून पाय गार पडले.

घरी येऊन डोक्यात एकच घोळायला लागलं, की लहानपणी जे खात होतो ते सुटलं कधी? आमच्यात गहू सणावाराला. रोज बडी, म्हणजे रब्बीची ज्वारी. सकाळी शिळी भाकर, कारळाची नाहीतर जवसाची चटणी, वर ताक. तेल करडईचं, तेही घरच्या करडईचं घाण्यावरून काढून आणलेलं. मग कधीतरी रानात सोयाबीन आलं, घरात पोळी आली, पाच लिटरचा तेलाचा कॅन आला. कुणी बसून ठरवलं असं नाही. झालं.

तर आम्ही भाकरी परत सुरू केली. दोन्ही वेळेला. भावाकडून दोन पोती ज्वारी आणली. घाण्याचं करडईचं तेल महाग पडतं, त्यामुळं चौघांत पूर्वी महिन्याला पाच लिटर लागायचं ते आता तिनावर आलं. खरं सांगायचं तर तेल बदलल्याचा फायदा किती आणि जपून वापरल्याचा किती, हे मला कळत नाही. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. आम्ही भाकरी सुरू केल्यापासून पोट साफ राहायलंय, दुपारी टेबलावर डुलक्या येत नाहीत. चहा सहा कपांवरून दोन कपांवर, बिनसाखरेचा. चालणं पहाटे पाचला, कारण आपल्याकडं मार्च ते जून सातनंतर रस्त्यावर उभंसुद्धा राहवत नाही. कुत्री मागं लागतात म्हणून हातात काठी असते, ती वेगळी शोभा.

वर्षाचा हिशोब : वजन ८१ वरून ७४. एचबीएवनसी ५.८.

प्रश्न असे. पुढच्या वर्षी भाऊ ज्वारी पेरत नाही म्हणतोय, मग खात्रीची, बिनखताची ज्वारी आणायची कुठून? आरओ काढून माठात बोअरचं पाणी भरावं का, तेच खरं नैसर्गिक असं एक जण म्हणाला. आणि आम्ही भाकरी सुरू केल्यावर घरच्या पोरांनी तोंडं वाकडी केली, त्यांना कसं वळवायचं?

गोदातीर
२४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

अभिनंदन! पण पाण्याचं आधी ऐका, बाकी सगळं नंतर.

मी नांदेडचा. आमच्या जिल्ह्यात किनवटकडं बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं काय होतं ते डोळ्यानं बघितलंय. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, चाळिशीतल्या माणसांना खाली बसता येईना. हे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड, थेट जमिनीच्या पोटातलं. याहून नैसर्गिक काय असणार? लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. बोअर जसजसं खोल जाईल तसा धोका वाढू शकतो, आणि आपण तर पाचशे-सातशे फूट खाली गेलोत.

उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. माठ फक्त गार करतो. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बाटली देऊन या, फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही बघायला सांगा. अहवाल चांगला आला तर खुशाल माठ भरा. वाईट आला तर आरओच ठेवा आणि आरओचं पाणी माठात ओता, वाळ्याची जुडी टाका. दोन्ही साधतं.

काळ्या_रानातला
२५ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

साहेब, तुमचं खाणं वाचून बरं वाटलं. पण भाऊ ज्वारी का पेरीना, हे तुम्ही त्याला विचारलं का? मी सांगतो. सेलू तालुका, अकरा एकर. वडिलांच्या काळात चार एकर ज्वारी असायची, आता मी वीस गुंठे करतो, तेही बैलांना कडबा पाहिजे म्हणून.

पहिली गोष्ट पाखरं. सगळं शिवार ज्वारीचं होतं तेव्हा पाखरं वाटली जायची. आता शिवारात एकट्याची ज्वारी उभी राहिली की दहा गावची पाखरं तिथंच पंगतीला बसतात. गोफण घेऊन माचाणावर बसायला पोरगं आणायचं कुठून, ते शाळेत नाहीतर मोबाइलमध्ये. दुसरी गोष्ट काढणी. ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, वाळवायची, मळायची. कुणी उपटायलाच येत नाही. सोयाबीनला काय, पेरलं, तणनाशक मारलं, मळणी यंत्र बोलावलं, पोती अडतीवर. २०२४-२५ ला मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ होता, सोयाबीनचा ४८९२. सोयाबीनला बाजारात तेव्हा चार हजाराच्या आसपासच भाव लागला ते सोडा, रडत का होईना पण ते विकलं जातं आणि पाखरं त्याला तोंड लावत नाहीत.

वाणाची काही अडचण नाही बरं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी मोती काढली, परभणी ज्योती काढली, लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती काढली, हुरड्यासाठी वेगळी परभणी वसंत आहे. करडईचंही तसंच, वाण आहेत पण काट्यांनी हात फाटतात म्हणून मजूर नको म्हणतात. आणि एक किलो तेलाला साडेतीन किलोच्या आसपास करडई लागते. घाण्याचं तेल महाग का, याचं उत्तर तिथं आहे. कुणी लुटत नाही तुम्हाला. (काही जण लुटतात, पण ते करडईच्या नावाखाली दुसरंच विकून.)

बिनखताची म्हणाल तर ज्वारी तशीही गरीब पीक आहे. कोरडवाहू रब्बीच्या ज्वारीला आमच्याकडं कुणी फारसं काही मारत नाही. ओल असली तर पीक, नाहीतर कडबा. 'सेंद्रिय' छापलेल्या पिशवीला दुप्पट पैसे देऊ नका. फार काटेकोर असाल तर प्रमाणपत्र मागा. हंगामी पिकाला जमीन दोन वर्षं रसायनमुक्त ठेवावी लागते, तेव्हा कुठं ते मिळतं.

तुमच्या भावाला एवढंच सांगा : ऑफिसातल्या दहा घरांची मागणी आत्ताच लिहून देतो, भाव आत्ताच ठरवू. आणि बांधाला बांध लागून असलेल्या पाच जणांनी मिळून सलग पाच एकर पेरा. पाखरं वाटली जातील. यंदाच्या रब्बीचा वापसा (पेरणीजोगी ओल) निघून गेलाय, पुढच्या सप्टेंबरची बोली आत्ता करा.

उलथनं
२५ नोव्हेंबर, दुपारी २.३०

धागा वाचला. "आम्ही भाकरी सुरू केली" हे वाक्य फिरून फिरून तीनदा आलंय.

दादा, भाकरी थापतं कोण?

चौघांच्या घरात दोन वेळच्या मिळून बारा-चौदा भाकरी. पोळी एकदा लाटून डब्यात ठेवली की संध्याकाळपर्यंत चालते. भाकरी गरमच पाहिजे, गार झाली की पोरं बघत नाहीत. मी अंबाजोगाईला शाळेवर आहे, घरी यायला सहा वाजतात. तुम्हाला साडेसातच्या आत जेवायचंय म्हणजे कुणीतरी साडेसहाला परातीपुढं उभं राहायला पाहिजे. मे महिन्यात, पत्र्याच्या स्वयंपाकघरात, तव्याच्या वाफेवर. तुम्ही पहाटे पाचला गारव्यात चालून येता, छान. त्या वेळी घरात दुसरं कोण काय करत असतं?

माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षं भाकरी थापल्या, त्यातली पस्तीस चुलीवर. आता खांदा वर जात नाही आणि खोकला उतरत नाही. बिडी-तंबाखूला त्या बाईनं कधी हात लावला नाही, डॉक्टर म्हणतात धुरानं झालंय. आणि आमच्याकडं सुट्टीला आलेले पाहुणे म्हणतात, "चुलीवरच्या भाकरीची चवच न्यारी."

भाकरीला माझा विरोध नाही. मीही खाते. पण पोळी घरात का आली, याचं उत्तर सोयाबीनमध्ये अर्धंच आहे. अर्धं बाईच्या मनगटात आहे.

पुणेरी_मराठवाडी
२५ नोव्हेंबर, दुपारी ३.०२

उलथनंताई, नाव सार्थ केलंत. उलटून टाकलं.

मांजराकाठ
२५ नोव्हेंबर, रात्री ८.५०

खरं आहे ताई. बायको थापते. तिचीही नोकरी आहे, अर्ध्या दिवसाची. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, नुसती हसली, आणि ते हसणं मला काही बरं वाटलं नाही.

साखरझोप
२५ नोव्हेंबर, रात्री ११.२०

मी आहारतज्ज्ञ आहे, छत्रपती संभाजीनगरला. मूळ धाग्यातल्या आकड्यांबद्दल थोडं, आणि वरच्या ताईंच्या बाजूनंही थोडं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण १०.२ ग्रॅम. अख्ख्या गव्हाच्या कणकेत ११.४. लोह दोन्हींत ४ मिलिग्रॅमच्या आसपास, प्रथिनंही जवळपास सारखी. सडलेल्या पांढऱ्या तांदळात तंतू २.८. म्हणजे चाळून कोंडा न काढलेल्या कणकेची पोळी आणि ज्वारीची भाकरी यांत लोक समजतात तेवढी दरी नाही. दरी आहे ती या दोघींत आणि भात, मैदा, बेकरीत. ज्वारीत ग्लुटेन नाही हे खरं, पण ज्याला गव्हाचा त्रासच नाही त्याला त्याचं विशेष काय? भाकरीचा एक फायदा मला प्रत्यक्षात दिसतो : ती जाड असते, चावावी लागते, आणि तेल न लावता होते. पण चार भाकरी खाल्ल्या तर चार भाकरींची साखर होणारच. रुग्ण मला सांगतात, "मॅडम, ज्वारीच आहे की," आणि पाचवी वाढून घेतात.

आता मांजराकाठ, तुमचा चहा. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर धरली आणि चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला ६० ग्रॅम. महिन्याला पावणेदोन किलोच्या वर. दिवसाला २४० कॅलरी नुसत्या साखरेच्या. वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, जमलं तर त्याच्याही निम्मी ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तुम्ही एकट्या चहातच ती ओलांडत होतात. तुमच्या सात किलोंमागं काय आहे हे मला विचाराल तर पहिला चहा, मग तेल, मग चालणं, मग लवकर जेवण. भाकरी पाचवी.

म्हणून ताईंचं म्हणणं धरून सांगते : एक वेळ भाकरी, एक वेळ अख्ख्या कणकेची पोळी. शुगरला काही होणार नाही, घरातल्या बाईच्या मनगटाला आराम.

अजून एक. ताटातल्या डाळीकडं आणि भाजीकडं बघा. आपल्याकडं दोन भाकरी, वाटीभर पातळ वरण आणि ठेचा असं जेवण 'साधं, सात्त्विक' म्हणून चालतं. त्यात भाजी नावाला, प्रथिनं कमी, मीठ जास्त. दिवसाला सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा. ठेचा, पापड, लोणचं यांनी तो केव्हाच भरतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्के उंबऱ्यावर आढळले. तुम्ही एकटे नाही. पण ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा धागा वाचून गोळ्या बंद करू नका, हात जोडते.

शुद्ध_सात्त्विक
२६ नोव्हेंबर, सकाळी ९.००

आमच्याकडे १००% केमिकलमुक्त रसायन चूर्ण मिळेल, सात दिवसांत शरीरशुद्धी, शुगर मुळापासून. सोबत दुधी रस प्रयोग मोफत. निरोप पाठवा.

साखरझोप
२६ नोव्हेंबर, सकाळी ९.२५

दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही गिळू नका, थुंकून टाका. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विष असतं, पोटातून रक्तस्राव होऊन माणसं दगावलेली आहेत. वेलीवरचा आहे, फवारणीशिवायचा आहे, तरी विषच. चूर्णाबद्दल बोलत नाही, संपादकांना कळवलंय.

माळवद
२६ नोव्हेंबर, सायंकाळी ५.१०

मी उमरगा तालुक्यातला, वय ६८. पोरांनो, जुन्या काळाची फार आरती करू नका.

बहात्तरचा दुष्काळ मी सोळाव्या वर्षी बघितला. सरकारी कामावर खडी फोडायची, तिथं सुकडी मिळायची. रेशनला तांबडी परदेशी मिलो यायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. आमच्यात कुणाचं पोट सुटलेलं नव्हतं हे खरं, पण पोटात घालायला नव्हतं हेही खरं.

पाण्याचं म्हणाल तर आमच्या गावची बारव. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवूनच घागर भरायची. त्या पाण्यातून नारू व्हायचा. माझ्या चुलत्याच्या घोट्यातून हातभर लांब दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढलेला मी बघितलाय. किडा अंगात असलेला माणूस पाण्यात उतरला की किड्याची पिल्लं पाण्यात, तेच पाणी बाकीचे प्यायचे. कोणतं औषध किंवा लस नव्हती त्यावर. पाणी फडक्यानं गाळायला शिकवलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप दिले, तेव्हा गेला. २००० साली देश नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आज कुणाला शब्दही माहीत नाही.

आणि घराचं. हल्ली 'मातीचं घर, नैसर्गिक गारवा' म्हणून फोटो येतात. आमचं माळवद होतं. हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि पांढऱ्या मातीचा थर, दर पावसाळ्याआधी आणखी माती. उन्हाळ्यात आत काय गार लागायचं, विचारू नका. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, लोक दमून झोपलेले. किल्लारी आणि भोवतालची गावं त्याच दगडमातीखाली गेली. साडेसात हजारांवर माणूस. भिंतीला दगड होते, पण त्यांना एकमेकांत धरून ठेवणारं काही नव्हतं, आणि डोक्यावर टनावारी माती. आज मी सिमेंटच्या घरात राहतो, मे महिन्यात भाजून निघतो, वरून चुना मारतो आणि अंगणात लिंब लावलाय. झोप लागते.

भाकरी मात्र खातो. दात शाबूत आहेत तोवर.

पुणेरी_मराठवाडी
२६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०

काका, __/\__

ट्युशन_एरिया
२६ नोव्हेंबर, रात्री ११.५५

इथं सगळे घर असलेले बोलायलेत. मी लातुरातच, तुमच्या ऑफिसपासून दोन किलोमीटरवर असेन. नीटची तयारी, रिपीट वर्ष. मेसमध्ये दोन्ही वेळेला बटाटा, पाण्यासारखी डाळ, भात. रात्री दीडला भूक लागली की बिस्किट नाहीतर नूडल्स. खोलीत गॅस नाही. नैसर्गिक जीवनशैली माझ्या बजेटमध्ये बसवून दाखवा.

उलथनं
२७ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

बाळा, आधी रात्री दीडला झोपलेला असायला पाहिजेस. तो विषय तुझ्या आईवर सोडते.

खोलीत चुलीशिवाय होणारं : मूग, मटकी, हरभरे रात्री भिजत घाल, सकाळी ओल्या फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी मोड. नीट धुऊन, वर लिंबू, कांदा. फुटाणे आणि शेंगदाणे डब्यात कायम. गावाकडून येणाऱ्याच्या हाती आईला कारळाची, जवसाची चटणी धाडायला सांग, महिनाभर टिकते, मेसच्या डाळीत चमचाभर कालव. केळी, पेरू. मेसवाल्याला चार जणांनी मिळून सांगा की आठवड्यातून तीनदा पालेभाजी, नाहीतर मेस बदलतो. एकट्याचं ऐकत नाहीत, चौघांचं ऐकतात. अंडी खात असशील तर मेसवाल्याकडूनच उकडून घे, पैसे वेगळे दे.

साखरझोप
२७ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

ताईंच्या यादीला माझी सही.

एक_एकर_माझं
२७ नोव्हेंबर, रात्री ९.१५

मी लिहीत नसते, पोरगी टाइप करायली. कळंब तालुका, धाराशिव जिल्हा.

काळ्या रानातल्या भाऊंनी पिकाचं सांगितलं, उलथनंताईंनी परातीचं. मधली गोष्ट राहिली. रानात काय पेरायचं हे ठरवतं कोण? आमच्यात मालक ठरवायचे. सोयाबीन, नाहीतर ऊस. घरात खायला लागणारी मिरची, वांगी, डाळ, सगळं बाजारातून. शेतकऱ्याच्या घरात तूरडाळ विकत! लाज वाटायची.

आमच्याकडं स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या ताया यायच्या, त्यांनी बायांना एकच गोष्ट शिकवली : घरच्या रानातला एक एकर मागून घ्या, नाही जमलं तर अर्धा, आणि त्यात आधी खायचं पेरा. मागून घेणं सोपं नव्हतं. सासरे म्हणाले, "बाईच्या हाती रान देऊन काय उकिरडा करायचाय?" वर्षभर भांडून अर्धा एकर मिळाला, तोही मुरमाड, विहिरीपासून लांबचा. त्यात मूग, उडीद, तूर, थोडी ज्वारी, कडेनं जवस आणि कारळं, अंबाडी, मधल्या वाफ्यात वांगी, मेथी, शेपू, भेंडी. दोन्ही हंगामांचं मिळून वीसेक प्रकार होतात. शेण-गोमूत्राचं जीवामृत घरीच. सगळं एकदम बुडत नाही. पाऊस लांबला तर मूग गेला पण तूर राहिली.

तणनाशक त्यात घालू देत नाही. म्हणून पावसाळ्यात बांधावर तांदूळजा, घोळ, पाथरी, कुरडू आपोआप येतं. शेजारच्या सोयाबीनच्या बांधावर काही येत नाही, सगळं पिवळं पडलेलं. म्हाताऱ्या बाया माझ्या बांधावर येऊन खुडून नेतात. नेऊ द्या.

दुसऱ्या वर्षी भाजीचा बाजार बंद झाला तेव्हा सासरे गप झाले. तिसऱ्या वर्षी अर्ध्याचा एकर झाला. चांगलं आरोग्य वगैरे आम्ही काही ठरवलं नव्हतं. घरात होतं ते शिजवलं, एवढंच.

येळवसीला (वेळा अमावास्येला) भज्जीला, म्हणजे डाळी-पालेभाज्यांच्या मिसळ भाजीला लागणारं सगळं यंदा घरच्या एकरातलं आहे. अंबील पण. कुणी कळंबकडं आलं तर या.

काळ्या_रानातला
२८ नोव्हेंबर, सकाळी ५.५०

ताई, तणनाशकाचं बरोबर बोललात. मीही मारतो. निंदायला माणूस मिळत नाही म्हणून मारतो. पण माझी आई आता बाजारातून शेपू विकत आणायली, हे मला तुमचं वाचेपर्यंत खटकलं नव्हतं.

मांजराकाठ
१५ डिसेंबर, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार. बरंच काही झालं, थोडक्यात सांगतो.

पाणी तपासून आणलं. फ्लोराइड ०.७, बरं आहे, पण नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. ४५ च्या आत पाहिजे, आमच्या बोअरला ६१. तिथल्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, बोअरजवळ शोषखड्डा आहे का? आहे. बारा फुटांवर. आरओ राहिला, त्याचं पाणी माठात.

भावाशी बोललो. पाखरांचं आणि काढणीचं त्यानं शब्दाला शब्द तेच सांगितलं, वर म्हणाला, "दादा, बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलास." ऑफिसातल्या सात घरांनी मिळून नऊ क्विंटल लिहून दिलीय. तो आणि शेजारचे दोघं मिळून पुढच्या रब्बीला सलग तीन एकर धरणार आहेत. बघू.

आणि घरी आता एक वेळ पोळी, एक वेळ भाकरी. भाकरी मी थापायची असं ठरलंय. ठरलंय म्हणजे मीच तोंडघशी पडून बोलून बसलो. पहिल्या आठ दिवसांत एकही गोल नाही. नकाशे झाले. तव्यावर टाकताना मोडते, टाकली तर फुगत नाही. पोरं हसून हसून खातात, तोंडं वाकडी करायची मात्र विसरली. काय चुकतंय? पीठ महिनाभरापूर्वी दळलेलं आहे.

उलथनं
१५ डिसेंबर, रात्री १०.३०

तिथंच चुकलं. ज्वारीचं पीठ महिनाभर ठेवायचं नसतं, आठ-दहा दिवसांचंच दळून आणा. जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि कडवटही लागतं. गव्हासारखा ताणणारा चिकटा ज्वारीत नाही, म्हणून तो गरम पाण्यानं आणायचा. पाणी खळखळ उकळू द्या, पिठात ओता, उलथन्यानं हलवा, दोन मिनिटं झाका. मग हाताला सोसेल तसं मळा. एका भाकरीचंच पीठ घ्या आणि तळव्याच्या टाचेनं रगडून रगडून मळा. तुम्ही गोंजारत असणार.

परातीत खाली पीठ भुरभुरा, बोटांच्या पेरांनी कडेकडेनं थापत फिरवा. कडा चिरल्या तर पाणी कमी पडलं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर लगेच पाणी फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटा. खालची बाजू नीट भाजू द्या, मग थेट जाळावर धरा. फुगेल.

माळवद
१५ डिसेंबर, रात्री १०.४५

आणि पहिली भाकरी तव्याची असते, ती मोजायची नसते.

मांजराकाठ
३१ डिसेंबर, सकाळी ११.२०

काल येळवस झाली. गावाकडं सगळे होतो. रानातल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी, बाजरीचे उंडे, अंबील. साखरझोप मॅडम, भज्जीत डाळी आणि पालेभाज्या मोजल्या, अकरा निघाल्या. अंबील दोन तांबे झाली, ते सोडून द्या.

आज सकाळी भावाच्या घरी मी सात भाकरी थापल्या. भावजय दारात उभी राहून बघत होती, शेजारच्या दोघींना बोलावून आणलं तिनं. सातातल्या तीन फुगल्या. तिसरी अशी टम्म फुगली की मीच ओरडलो. आईनं मोडून बघितली, पापुद्रा सुटला होता. खाल्ली आणि म्हणाली, "मीठ नाही घालत रे त्यात." म्हणजे तेवढं जास्तीचं होतं.

फोटो टाकायचा प्रयत्न केला, इथं चढत नाही.

उलथनं
३१ डिसेंबर, दुपारी १२.०५

सातात तीन म्हणजे पास. परात घासली कुणी?

मांजराकाठ
३१ डिसेंबर, दुपारी १२.४०

भिजत घातलीय.